कार्यक्रम रद्द झाला, तोटा कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत युक्रेनमधल्या कलावंतांवर पानभर मजकूर वाचला. जमिनीखालच्या सभागृहात चाललेली मैफल, कोट घालून बसलेले श्रोते असं छायाचित्र आणि कला कशी हार मानत नाही याचं वर्णन. लेख मनापासून लिहिलेला आहे, त्यातली माहितीही चुकीची नाही. पण त्या पूर्ण पानात पगार, मानधन, बिदागी यांतला एकही शब्द नव्हता. वादक वाजवत होते, श्रोते रडत होते, बाहेर बॉम्ब पडत होते. वाजवून घरी गेलेल्या माणसाने रात्री काय खाल्लं आणि ते कशाच्या पैशातून आणलं, हे कुठेच नव्हतं. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, कात्री लावायला आपण मोकळे आहात.

मी मिरजेत दवाखाना चालवतो. वैद्यकीय शिक्षण युक्रेनमधल्या खार्किवला झालं. (तिकडून शिकून आलेल्या आम्हा मुलांकडे इथे वेगळ्या नजरेने बघतात, असो.) पहिली वर्षं वसतिगृहात काढली, नंतर साल्तिव्का भागात एका कुटुंबाकडे खोली घेतली. घरमालकीण शहरातल्या एका वाद्यवृंदात व्हायोला (व्हायोलिनसारखंच, जरा मोठं वाद्य) वाजवायच्या, त्यांचे यजमान ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य. मी त्यांना मावशी म्हणायचो आणि अजून म्हणतो. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध पेटलं तेव्हा साल्तिव्काची जी अवस्था झाली ती टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. १ मार्चला त्याच शहरात किराणा आणायला गेलेला कर्नाटकचा एक विद्यार्थी मारला गेला, तेव्हा आपल्याकडे खार्किव हे नाव घराघरात पोचलं. मुलं परत आली आणि आपण ते नाव विसरलो. मावशींशी माझं बोलणं चालू राहिलं. पुढे लिहिलेलं बरंचसं त्यांच्याकडून कळलेलं आहे, उरलेलं कोणालाही पडताळता येईल असं आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तिकडे वाद्यवृंद, नाट्यगृहं बहुतेक सरकारी किंवा नगरपालिकेची. वादकाला महिन्याचा पगार असतो. आपल्याकडच्या वादकाला हे ऐकून हेवा वाटेल. पण तो पगार पूर्वीही घर चालवण्याइतका नव्हता. देशाचं किमान वेतन एप्रिल २०२४ मध्ये ८,००० रिव्निया (तिथलं चलन) झालं, म्हणजे तेव्हाच्या दराने सोळा-सतरा हजार रुपये. मावशींचा पगार त्याच्या थोडा वर. मी तिथे राहत होतो तेव्हाही घर चालायचं ते बाहेरच्या कामांवर. मावशींच्या शिकवण्या आणि काकांची लग्नं. काकांचा पाच जणांचा बँड होता. शनिवारी दुपारी निघायचे ते रविवारी पहाटे यायचे, आणि येताना लग्नातलं उरलेलं खाणं डब्यात भरून आणायचे. आम्ही भारतीय पोरं त्या डब्यांवर टपून असायचो. सरकारी पगारात भाडं आणि वीज, बँडच्या पैशात बाकी सगळं, असं त्यांचं गणित.

युद्धाने आधी हे बाहेरचं काम मारलं. संचारबंदी आली. खार्किवमध्ये ती बराच काळ रात्री अकराला सुरू व्हायची. रात्री दोनपर्यंत चालणारं लग्न मग दुपारीच आटोपायला लागलं. नोंदणी कार्यालयात सह्या, दारात फोटो, कोणाच्या तरी फोनवर गाणं, आणि नवरदेव सुटी संपवून पुन्हा आघाडीवर. तिथे पाच जणांच्या बँडला कोण बोलावणार? बँडमधला ड्रमवाला सैन्यात गेला, ट्रम्पेटवाला गेला. काका साठीच्या पुढचे म्हणून सैन्यभरतीतून सुटले, पण एकटा ट्रॉम्बोन कोणी लग्नाला नेत नाही.

शिकवण्यांचंही तेच झालं. मुलांना घेऊन आया देश सोडून गेल्या. मावशींचे शिष्य पोलंड, जर्मनी, चेकियात विखुरले. काही जण ऑनलाइन शिकत राहिले, पण आवाज अर्ध्या सेकंदाने मागे येतो, त्यामुळे गुरूने सोबत वाजवायची सोय नाही. विद्यार्थी वाजवतो, मग तुम्ही वाजवता, मग तो. वर विजेचं वेळापत्रक. २०२४ मध्ये वीजकेंद्रांवर हल्ले झाल्यावर दिवसात कुठले तास वीज असणार याची यादी यायची आणि शिकवणी त्या यादीप्रमाणे हलायची. कधी सकाळी सहाला, कधी रात्री. शेवटी जर्मनीतल्या आईने कळवलं, इथल्या संगीत शाळेत प्रवेश मिळालाय, तुमचे फार आभार. त्यात तिची काही चूक नाही.

आता मूळ पगाराकडे येऊ. खार्किवच्या ऑपेरा-बॅले थिएटरची इमारत मी रोज बघायचो. सुम्स्का रस्त्यावर, प्रचंड, १९९१ मध्ये उघडलेली, मुख्य सभागृह सुमारे दीड हजार आसनांचं. शहर रशियाच्या सीमेपासून तीसेक किलोमीटरवर, कधी कधी सायरन वाजण्याआधीच स्फोट होतो. तिथे दीड हजार माणसं एका छताखाली बसवणं शक्यच नाही. २०२४ मध्ये त्यांनी इमारतीच्या तळघरात रंगमंच तयार केला, सुमारे चारशे आसनांचा. हीच ती जागा जिचं आपण कौतुक करतो. जरूर करा, मीही करतो. पण हिशेब मांडा. तिकीटविक्री चौथ्या हिश्शावर आली. वादक, नर्तक, गायक, प्रकाशयोजनेवाले, शिवणकामाच्या बायका, सगळे मात्र मोठ्या सभागृहाच्या मापाने नेमलेले. कीवच्या नॅशनल ऑपेराने मे २०२२ मध्ये दारं उघडली तेव्हाही तिकिटं तेवढीच काढली जेवढ्या लोकांना तळघराचा आसरा पुरेल. याउलट कीवमध्येच इवान फ्रांको थिएटरच्या काही प्रयोगांना तिकिटं मिळेनाशी झाली, काळाबाजार झाला. युद्धात लोक नाटकाला गर्दी करतात, हेही खरं आहे. हाऊसफुल्लची पाटी लागली म्हणून नटाचा पगार वाढतो असं नाही, हे मराठी वाचकाला मी काय सांगावं.

परदेश दौरे हा तिसरा आधार. युरोपात महिनाभर वाजवलं की वर्षाचं निघायचं. आता अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी (२०२५ च्या ऑगस्टपासून बावीस वर्षांपर्यंतच्यांना सूट मिळाली), कलावंतांना मंत्रालयाची खास परवानगी लागते. काही जण दौऱ्यावर गेले ते परतलेच नाहीत, मग परवानगी आणखी जिकिरीची झाली. पितळी फुंकवाद्यांत आणि तालवाद्यांत पुरुष जास्त, त्यामुळे सर्वांत मोठी भगदाडं तिथे पडली. व्हायोलात बायका पुष्कळ, म्हणून मावशींचा विभाग टिकून आहे. जे सैन्यात गेले त्यांच्यातले काही परत येणार नाहीत. नॅशनल ऑपेराचा नर्तक ओलेक्सांद्र शापोवाल स्वतःहून सैन्यात दाखल झाला होता, सप्टेंबर २०२२ मध्ये मारला गेला. खेरसोनचा संगीत संचालक युरी केर्पातेन्को याने रशियाच्या ताब्यातल्या शहरात त्यांच्या मैफलीत सहभागी व्हायला नकार दिला आणि त्याला त्याच्याच घरी गोळ्या घातल्या, असं युक्रेनच्या सांस्कृतिक मंत्रालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलं. वादकाने 'वाजवणार नाही' म्हणण्याची ही किंमत. यांच्यापुढे पगाराची गोष्ट क्षुल्लक वाटते, आणि नेमकी म्हणूनच ती कोणी काढत नाही.

सरकारने पैसे द्यावेत म्हटलं तर सरकारची बाजूही ऐकायला हवी. युक्रेन स्वतःच्या करांचा पैसा लष्करावर खर्च करतो, शिक्षक, निवृत्तिवेतन, दवाखाने हे सगळं परदेशी मदतीवर चाललं आहे. उत्पन्नावरचा लष्करी कर दीड टक्क्यावरून डिसेंबर २०२४ मध्ये पाच टक्के झाला, तो वादकाच्या पगारातूनही कापला जातो. जुलै २०२३ मध्ये यावरून मोठा वाद झाला. सांस्कृतिक मंत्री ओलेक्सांद्र त्काचेन्को म्हणाले की युद्धात संस्कृतीवरचा पैसा ड्रोनवरच्या पैशाइतकाच महत्त्वाचा आहे. लोक खवळले होते, मालिका आणि बांधकामांवर सरकारी निधी कशाला, असं विचारत होते. झेलेन्स्की यांनीच मंत्री बदलण्याची सूचना केली आणि त्यांना जावं लागलं. मावशींना मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, 'माझा भाचा आघाडीवर आहे. त्याला ड्रोन की मला पगार, असं मला विचारू नकोस.' मी पुन्हा विचारलं नाही. पण हा प्रश्न असा समोरासमोर उभा करणाऱ्यांचा मला राग येतो. शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिकेला आपण विचारतो का, तुला पगार की सैनिकाला बूट?

आणि जे बोलायला सर्वांत अवघड ते हे. युद्धात बहुतेक मैफली मदतनिधीच्या असतात. तिकिटाचा पैसा लष्कराला, जखमींना, ड्रोनला. वादकाने फुकट वाजवायचं, आणि नाही म्हणायची सोय नाही. कोण म्हणेल? आमच्या मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्यात देशभरातले कलावंत येऊन हजेरी लावतात. अब्दुल करीम खाँसाहेबांपासूनची ही परंपरा. तिथे बिदागीचं बोलणं नसतं, ती सेवा. पण ती वर्षातून एकदा, आणि पुढच्या आठवड्यात त्याच गायकाला पुण्यात ठरलेल्या पैशावर मैफल असते. सेवा परवडते ती उरलेल्या वर्षाच्या कमाईवर. खार्किवमध्ये सगळं वर्षच उरूस झालं तर माणूस जगणार कशावर? मावशी रुग्णालयात वाजवतात, मेट्रोच्या स्थानकात वाजवलं, छावणीत वाजवलं. यातल्या एकाचेही पैसे त्यांनी मागितले नाहीत, कोणी देऊ केले नाहीत. त्यांच्या डाव्या खांद्याचं दुखणं मी व्हिडिओवर बघतो. तापमान धड नसलेल्या तळघरात तासन् तास व्हायोला हनुवटीखाली धरायचा, बोटं गार, खांदा आखडलेला. मी व्यायाम सांगतो, गोळ्यांची नावं सांगतो. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा म्हटलं की त्या विषय बदलतात. का, ते मला कळतं.

आपल्या लेखात लेनिनग्राडची आठवण काढली होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वेढ्यात अडकलेल्या त्या रशियन शहरात ९ ऑगस्ट १९४२ ला सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिम्फनी वाजली, ही हकीकत जगभर 'कलेचा विजय' म्हणून सांगतात. तिच्या आतली गोष्ट मला डॉक्टर म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळत होता, बाकीच्यांना १२५. रेडिओ वाद्यवृंदातले कितीतरी जण उपासमारीने गेले. मार्चमध्ये संचालक एलियासबर्ग यांनी तालीम घेतली तेव्हा ती पंधरा मिनिटांत आटोपावी लागली, फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांच्या छातीत दमच नव्हता. मग काय केलं? वादकांना जास्तीचं रेशन सुरू केलं आणि लष्करी बँडमधले वादक सैन्याकडून मागून घेतले. त्यानंतर ती सिम्फनी वाजली. पोटात गेलेल्या पावाने वाजली. हे सांगितल्याने त्या रात्रीचं मोल कमी होतं असं मला वाटत नाही.

लंडनमध्ये तर याहून सरळ व्यवहार झाला. सप्टेंबर १९३९ मध्ये सरकारने सगळी नाट्यगृहं एका आदेशाने बंद केली, वादक रस्त्यावर आले. मायरा हेस या पियानोवादक बाईंनी १० ऑक्टोबरपासून नॅशनल गॅलरीच्या रिकाम्या दालनांत दुपारच्या मैफली सुरू केल्या, तिकीट एक शिलिंग. १९४६ पर्यंत १,६९८ मैफली झाल्या. वाजवणारा नामवंत असो की नवखा, त्याला ठरावीक मानधन मिळायचं. १९४० मध्ये एका विश्वस्त निधीने २५,००० पौंड दिले, सरकारने तेवढेच घातले, आणि युद्धकाळात संगीत-कला चालू ठेवणारी एक परिषद उभी राहिली, तीच पुढे आर्ट्स कौन्सिल झाली. बॉम्ब तिथेही पडत होते, पैशाची चणचण तिथेही होती.

आता आपल्याकडचं. हे दूर देशाचं दुखणं आहे असं कोणाला वाटत असेल तर गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२५ चा मे महिना आठवा. ऑपरेशन सिंदूर झालं, ७ तारखेला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, आयपीएल थांबली. आमच्याकडे ते दिवस यात्रांचे. जवळच्या एका गावात यात्रा कमिटीने ऑर्केस्ट्रा रद्द केला, कारण दिलं की सैनिक लढत असताना नाचगाणं शोभत नाही. भावना समजली. पण आगाऊ दिलेला इसाराही परत मागितला. ऑर्केस्ट्रावाल्याने ट्रकचं भाडं, साउंडवाल्याची उचल, कलाकारांची उचल आधीच देऊन टाकली होती. त्याचा ढोलकीवाला माझा पेशंट आहे, मधुमेहाचा. त्या महिन्यात तो औषधं न्यायला आला नाही. आयपीएल १७ मेला पुन्हा सुरू झाली, राहिलेले सामने झाले. यात्रेला तिथी असते, ती पुढे ढकलता येत नाही. गेलेली रात्र गेली.

नाटकवाल्यांत तर रोजगाराचं मापच 'नाईट' आहे. प्रयोग झाला तर नाईट, नाही झाला तर काही नाही. पडदा ओढणारा, कपडेपट सांभाळणारा, रंगभूषाकार, सगळे यावर. करोनात मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मध्ये थोडे महिने अर्ध्या आसनांवर उघडली, पुन्हा बंद, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाली. तेव्हा मदतीचे किट वाटले गेले, फोटो निघाले. आमच्या मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्यांचीही तीच गत होती, कारण मैफल नाही तर वाद्याला गिऱ्हाईक नाही. ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधनाची सरकारी योजना आहे, ती चांगलीच आहे, पण पस्तिशीतल्या ढोलकीवाल्याला तिचा उपयोग नाही.

मी मावशींसाठी काय केलं ते सांगतो, स्वतःची टिमकी वाजवण्यासाठी नाही, त्यातून एक मुद्दा निघतो म्हणून. मदत पाठवतो म्हटलं तर त्या नको म्हणाल्या. मग मी माझ्या मुलीची शिकवणी लावली. ती व्हायोलिन शिकते, मावशी दर गुरुवारी व्हिडिओवर तासभर शिकवतात. फी त्यांनीच ठरवली, जर्मनीतल्या विद्यार्थ्यांना लावत होत्या त्याहून कमी, मी ती वाढवून घेतली, त्यावर आमचं भांडण झालं. एका गुरुवारी मधूनच चित्र गेलं. त्यांच्याकडची वीज गेली होती. पुढच्या महिन्याच्या हिशेबात त्यांनी तो तास वजा केला. मी म्हटलं, अहो, वीज तुम्ही घालवली नाही. त्या म्हणाल्या, 'शिकवलं नाही तर पैसे कसले?' मला पटलं नाही, पण त्यांना मी हलवू शकलो नाही. काम नाही तर दाम नाही, हे कलावंताच्या इतकं अंगवळणी पडलंय की तोटा आपलाच असतो असं तोही धरून चालतो. माझा दवाखाना वीज गेली म्हणून दिवसभर बंद राहिला तरी मी कंपाउंडरचा पगार कापत नाही. कापला तर तो मला सोडून जाईल आणि ते बरोबरच होईल.

म्हणून मागणी साधी आहे. सरकारी आदेशाने किंवा आयोजकाने स्वतःच्या निर्णयाने कार्यक्रम रद्द झाला, कारण युद्ध असो, साथ असो, राष्ट्रीय दुखवटा असो, तर ठरलेल्या रकमेचा निदान निम्मा भाग कलाकार आणि तंत्रज्ञ यांना मिळाला पाहिजे, आणि इसारा परत मागता कामा नये. सांस्कृतिक कार्य विभागाने स्वतःच्या महोत्सवांच्या करारात हे कलम आधी घालावं, नगरपालिकांच्या आणि अनुदानित संस्थांच्या करारात सक्तीचं करावं. निधीसाठी कार्यक्रम असेल तर गायकाने स्वखुशीने मानधन सोडावं, पण साउंडवाला, तबलजी, हार्मोनियमवाला यांचे पैसे आधी बाजूला काढून मग उरलेला निधी सैनिकांना द्यावा. यामुळे सैनिकांचा अपमान होतो असं म्हणणाऱ्याला मी आमच्या भागातल्या माजी सैनिकांकडे पाठवीन. त्यांच्यातले दोघं स्वतः बँडमध्ये वाजवतात आणि रोख पैसे घेतल्याशिवाय वाद्य बाहेर काढत नाहीत.

एवढ्या छोट्या आयोजकांनी निम्मे पैसे कुठून द्यायचे, असं विचारलं जाईल. कार्यक्रम रद्द झाला की मांडव, वीज, पोलीस बंदोबस्त यांचाही खर्च वाचतो, वर्गणी तर गोळा झालेलीच असते. ती परत द्यायला कमिटी घरोघर फिरल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

त्या गावच्या यात्रा कमिटीच्या सचिवांना मी हे सगळं सांगितलं. ते माझेच पेशंट. म्हणाले, 'डॉक्टर, तोंडी नको, लिहून द्या, बैठकीत ठेवतो.' लिहून दिलं आहे. बैठक अजून व्हायची आहे.

आपला,
एक वाचक, मिरज
(नाव व पत्ता कार्यालयाकडे)